‘पानी’ आणि ‘पाणी’



बहरीनमध्ये साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते. त्यामुळे आपली भीमजयंती १४ एप्रिलला घरोघरी आणि त्यानंतरच्या शुक्रवारी सभागृहात, अशी दोनदा साजरी होते. मागच्या वर्षी मनामातील एका भाड्याच्या सभागृहात तीन वक्ते होते. त्यांतील दुसरे मराठवाड्यातले एक बंधू. ते बांधकामावर परांची उभारण्याचे काम करतात, लेबर कॅम्पमध्ये राहतात आणि त्या दिवशी रात्रपाळी संपवून, न झोपता आले होते. विषय महाडचा होता. हातात कागद न घेता ते बारा-तेरा मिनिटे बोलले. त्यांनी पहिल्यांदा ‘चवदार तळ्याचं पानी’ म्हटले तेव्हा मागच्या रांगेत कोणीतरी हसले. दुसऱ्यांदा आणखी काही जण हसले. तिसऱ्यांदा, खोटे कशाला लिहावे, आमच्याही ओठांवर हसू आले. वक्त्याच्या ते ध्यानात आले असावे. पुढे ते ‘तळ्यातलं ते’, ‘ओंजळीतलं ते’ असे म्हणू लागले. पाण्याच्या सत्याग्रहावरील भाषण पाणी हा शब्द टाळून संपले.

परतताना गाडीत आमच्या पाचवीतल्या मुलाने विचारले, “ते काका पानी म्हणाले तर सगळे का हसले? आपण पण पानीच म्हणतो ना?” आम्ही त्याला सांगू लागलो की मराठीत ‘पाणी’ असा शब्द आहे. तो म्हणाला, “हो, पण कोल्ड स्टोअरमध्ये तुम्ही रोज ‘दो पानी देना’ म्हणता. तेव्हा कोणीच हसत नाही.”

मुलाचे म्हणणे अगदी बरोबर होते. या देशात आपण दिवसभर मलयाळी दुकानदाराशी, पाकिस्तानी चालकाशी, नेपाळी सुरक्षारक्षकाशी ‘पानी’ हाच शब्द बोलतो. हिंदी म्हणून तो शुद्ध, सभ्य, शाळेच्या पुस्तकातला आहे. तोच ध्वनी आपल्या एका कष्टकरी बांधवाच्या मुखातून मराठी म्हणून आला की तो हसण्याचा विषय होतो. ध्वनीत काडीचा फरक नाही. फरक पडला तो बोलणारा कोण, हे आमच्या कानांनी आधीच ठरवून टाकल्यामुळे. कानाची ही खोड किती जुनी आहे, हे त्या रात्रीपासून आम्ही शोधू लागलो. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

सम्राट अशोकाने एकच मजकूर आपल्या राज्यात ठिकठिकाणी खडकांवर कोरविला. परंतु त्याची भाषा सर्वत्र सारखी नाही. गुजरातेतील गिरनारच्या खडकावर पहिल्या लेखात ‘प्राण’ हा शब्द येतो. त्यात ‘ण’ स्पष्ट आहे. ओडिशातील जौगडच्या खडकावर त्याच लेखात, त्याच जागी ‘पान’ असे कोरले आहे. गिरनारला ‘राजा’ आहे, जौगडला ‘लाजा’. राजाच्या मुदपाकखान्यासाठी होणारी प्राण्यांची हत्या थांबविण्याविषयीचा हा लेख. करुणेचा मजकूर दोन्हीकडे एकच, केवळ उच्चार वेगळे. पूर्वेकडील हे रूप मगधाच्या राजदरबारातील बोलीला जवळचे आहे, असे प्राकृताचे अभ्यासक सांगतात. म्हणजे ज्या पाटलिपुत्राहून त्या काळच्या सर्वांत मोठ्या राज्याचा कारभार चाले, तेथे ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘र’च्या जागी ‘ल’ बोलला जात होता. आमचे ते परवाचे हसरे कान त्या दरबारात नेऊन बसविले असते, तर ते साक्षात चक्रवर्ती सम्राटालाच हसले असते. की मान खाली घालून ‘लाजा’ म्हणायला शिकले असते?

अशोकानंतर सुमारे शंभर वर्षांनी पतंजलीने महाभाष्य लिहिले. व्याकरण का शिकावे याची कारणे देताना तो एक कथा सांगतो. असुर युद्धात ‘हेलयो हेलयः’ असे ओरडले आणि पराभूत झाले. म्हणून ब्राह्मणाने म्लेच्छांसारखे अशुद्ध बोलू नये. टीकाकार समजावतात की त्यांना ‘हे अरयः’, म्हणजे ‘हे शत्रूंनो’ असे म्हणायचे होते. ‘र’चा ‘ल’ झाला आणि युद्ध हरले! कथा पतंजलीहून जुनी आहे. शतपथ ब्राह्मणातही तिचे रूप सापडते. तरीही ज्या मगधात राजाला ‘लाजा’ म्हणत, त्याच मगधाची सत्ता मौर्यांच्या हातून गेल्यावर हा ‘ल’ असुरांचा, पराभूतांचा म्हणून पुन्हा सांगितला जातो, हा योगायोग आम्हाला साधा वाटत नाही. हे आमचे अनुमान आहे. वाचकांनी ते तेवढ्याच मोलाने घ्यावे.

त्यापुढची पायरी संस्कृत नाटकांत दिसते, आणि तेथे अनुमानाची गरज उरत नाही. राजा आणि ब्राह्मण संस्कृत बोलतात. कुलीन स्त्रिया शौरसेनी प्राकृत बोलतात. गाणी महाराष्ट्रीत, आपल्या मराठीच्या पूर्वजेत. आणि मागधी? ती कोळ्याच्या, शिपायाच्या, चाकराच्या तोंडी घातलेली. कालिदासाच्या शाकुंतलाचा सहावा अंक आठवावा. राजाची हरवलेली अंगठी एका धीवराला माशाच्या पोटात सापडते. तो मागधीत खरे तेच सांगतो. पहारेकरी त्याला चोर ठरवून बांधतात, त्याच्या धंद्याची टिंगल करतात, आता याला कसे मारायचे याची चर्चा करतात. पुढे राजा अंगठी ओळखतो तेव्हाच धीवराचे बोलणे खरे ठरते. त्याने एक शब्दही बदललेला नसतो. काही शतकांपूर्वी ज्या भाषेने खडकांवर राजाज्ञा कोरल्या, ती आता ‘ज्याच्यावर विश्वास ठेवू नये अशा माणसाची’ म्हणून रंगमंचावर उभी आहे.

तथागतांच्या काळातही हेच होते, आणि त्यांनी ते ओळखले होते. सुत्तनिपातात सुंदरिक भारद्वाजाची कथा आहे. कोसल देशात सुंदरिका नदीच्या तीरावर हा ब्राह्मण होम करून उरलेला हविर्भाग कोणाला द्यावा, हे पाहत होता. झाडाखाली डोक्यावरून वस्त्र घेऊन कोणी बसलेला दिसला. पावलांचा आवाज ऐकून बुद्धांनी वस्त्र दूर केले. मुंडन केलेले मस्तक दिसताच ब्राह्मण मागे फिरणार होता. मग त्याच्या मनात आले की काही ब्राह्मणही मुंडन करतात, तेव्हा विचारून तर पाहावे. त्याने पहिला प्रश्न केला तो जातीचा. बुद्धांचे उत्तर आपल्याकडे अनेकांना पाठ आहे: जात विचारू नकोस, आचरण विचार, अग्नी कोणत्याही लाकडातून निघतो. आम्हाला मात्र या कथेत उत्तराइतकीच त्या ब्राह्मणाची चलबिचल महत्त्वाची वाटते. बुद्धांनी अद्याप तोंडही उघडलेले नव्हते, आणि त्यांचे ऐकायचे की नाही याचा निवाडा होत आला होता.

विनयपिटकातील चुल्लवग्गात आणखी एक प्रसंग आहे, आणि तो आपल्या लेबर कॅम्पपर्यंत येऊन भिडतो. यमेळु आणि तेकुल हे दोन भाऊ ब्राह्मण कुळातून भिक्खू झाले होते. वाणी गोड, उच्चार सुसंस्कृत. त्यांनी बुद्धांकडे तक्रार केली: संघात आता नाना नावांचे, नाना गोत्रांचे, नाना जातींचे आणि कुळांचे लोक आले आहेत, ते आपापल्या बोलीत बुद्धवचन बिघडवतात, तेव्हा ते छंदस् मध्ये, म्हणजे वेदांच्या धर्तीवरील भाषेत, बांधून टाकू या. बुद्धांनी दोघांना खडसावले, तसे करण्यास मनाई केली आणि बुद्धवचन स्वतःच्या बोलीत शिकण्याची अनुज्ञा दिली. पाचव्या शतकात बुद्धघोषाने ‘स्वतःची बोली’ म्हणजे मागधीच असा अर्थ लावला आणि त्यावर पंडितांचे वाद चालू आहेत. आम्हाला त्या भावांची तक्रारच पुरेशी बोलकी वाटते. धम्माचा अर्थ कोणी चुकीचा सांगितला, असे ते म्हणाल्याचे दिसत नाही. त्यांच्या तक्रारीची सुरुवात बोलणाऱ्यांच्या जातिकुळापासून होते.

मधली शतके आम्ही भराभर ओलांडतो. चोखोबांचे अभंग महाराष्ट्राने डोक्यावर घेतले आणि चोखोबांना महाद्वाराबाहेर ठेवले, एवढे सांगितले तरी पुरे.

जोतीरावांपाशी मात्र थांबलेच पाहिजे, कारण येथे ऐकणाऱ्याचा पूर्वग्रह छापील स्वरूपात उपलब्ध आहे. १८५५ साली त्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीपुढे ठेवले. ते स्वीकारले गेले नाही आणि शतकाहून अधिक काळ अप्रकाशित राहिले. त्याच वर्षी त्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मातंग मुलीचा मांग-महारांच्या दुःखावरील निबंध ‘ज्ञानोदय’ने दोन भागांत छापला. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ आली. प्रस्तावना इंग्रजीत, अर्पणपत्रिका अमेरिकेतील गुलामांची मुक्तता करणाऱ्यांना, आणि मजकूर धोंडिबा व जोतीराव यांच्या संवादात, शेतकऱ्याला कळेल अशा बोलीत. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त या लेखनाचा समाचार घेतला. शास्त्रीबुवा स्वतःला मराठी भाषेचे शिवाजी म्हणवीत. जोतीरावांनी इतिहासाविषयी, ग्रंथप्रामाण्याविषयी, शूद्रातिशूद्रांच्या शिक्षणाविषयी इतके मोठे प्रश्न उपस्थित केले होते, आणि शास्त्रीबुवांचे लक्ष लेखकाच्या व्याकरणावर आणि त्याच्या शूद्रत्वावर खिळले. भाषेच्या चुकांवरून लेखकाची खिल्ली उडवावी आणि त्यामुळे त्याच्या प्रश्नांचे उत्तर देण्यातून सुटका व्हावी, ही पद्धत तेथून पुढे फार चालली. सभागृहातील आमचे हसू हे त्याच पद्धतीचे धाकटे भावंड आहे, हे लिहिताना आम्हाला संकोच होतो. पण तसे ते आहे.

जोतीरावांना हे पुरते कळले होते. १८८५ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना मराठी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण दिले तेव्हा त्यांनी पत्र लिहून नकार दिला: जे आम्हाला माणसाचे हक्क देत नाहीत त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचा मेळ बसणार नाही, असा त्याचा आशय. आणि मार्च १८८८ मध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीला ते मुद्दाम शेतकऱ्याच्या वेशात गेले. रत्नालंकारांनी नटलेल्या पाहुण्यांकडे पाहून देशाची कल्पना करू नका, खेड्यांत जाऊन पाहा, असे त्यांनी राणीच्या पुत्राला सुनावले. वेश पाहून माणूस जोखणाऱ्यांची सवय त्यांनी त्या रात्री स्वतःच्या कामाला लावली.

आता बाबासाहेब. एल्फिन्स्टन हायस्कुलात त्यांना संस्कृत नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. तेथे एकदा गणित सोडविण्यासाठी शिक्षकांनी त्यांना फळ्याजवळ बोलावले तेव्हा वर्गात गलका झाला, कारण फळ्यामागे मुलांचे जेवणाचे डबे होते. गणित बरोबर आले की नाही हा प्रश्नच मागे पडला. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. कोलंबिया विद्यापीठात शिकलेला, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील अभ्यास अर्धा टाकून आलेला हा तरुण. धनंजय कीरांनी चरित्रात नोंदविले आहे की, आरंभी विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. अस्पृश्य आपल्याला काय शिकविणार, ही भावना. काही काळाने इतर महाविद्यालयांतील विद्यार्थी परवानगी काढून त्यांच्या तासाला येऊन बसू लागले. तरीही प्राध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावण्यास काही सहकाऱ्यांचा विरोध होताच. तेथेही पुन्हा पाणीच आडवे आले.

लाहोरचा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे, पण त्यातील एक बारकावा सहसा सांगितला जात नाही. जात-पात-तोडक मंडळाने १९३६ च्या वार्षिक परिषदेचे अध्यक्षपद बाबासाहेबांना दिले. भाषणाचा मसुदा पाहिल्यावर मंडळ घाबरले. काही भाग वगळा म्हणू लागले. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलण्यास नकार दिला आणि परिषदच रद्द झाली. ते न झालेले भाषण त्यांनी स्वखर्चाने छापले. हाच ‘जातिनिर्मूलना’चा ग्रंथ. बारकावा असा की भाषणाच्या अगदी आरंभी बाबासाहेब स्वतःच विचारतात: मंडळाने मला का निवडले? शास्त्राप्रमाणे गुरू ब्राह्मणच असावा लागतो; आणि अंत्यज विद्वान असला तरी त्याला गुरू करावे काय, या प्रश्नाला रामदासांनी दासबोधात नकारार्थी उत्तर दिले आहे, याची आठवण ते लाहोरच्या श्रोत्यांना करून देतात. म्हणजे जातीविषयी एक शब्द बोलण्यापूर्वी त्यांनी श्रोत्यांच्या कानांविषयी बोलून घेतले होते. आपले भाषण कोणत्या भिंतीवर आदळणार हे त्यांना माहीत होते. भिंत अपेक्षेहून लवकर आडवी आली, एवढेच. ज्यांना ऐकायचे नव्हते त्यांनी ऐकले नाही; ज्यांनी वाचायचे ठरविले त्यांनी पहिल्या आवृत्तीच्या १,५०० प्रती दोन महिन्यांत संपविल्या.

याच्या उलट दिसणारा प्रसंग दहा वर्षांनी घडला. डिसेंबर १९४६ मध्ये संविधान सभेत पंडित नेहरूंचा उद्दिष्टांचा ठराव चर्चेला होता. मुस्लिम लीग सभेत आलेली नव्हती. बॅ. मुकुंदराव जयकरांनी १६ डिसेंबरला दुरुस्ती मांडली की लीग आणि संस्थाने येईपर्यंत ठराव पुढे ढकलावा. सभागृहाला ती रुचली नाही. दुसऱ्या दिवशी, वक्त्यांच्या यादीत बरेच खाली नाव असताना, अध्यक्ष राजेंद्रप्रसादांनी अचानक बाबासाहेबांना पाचारण केले. त्यांनी जयकरांच्याच दुरुस्तीला पाठिंबा दिला. परंतु त्याआधी त्यांनी सांगितले की आज आपण कितीही विभागलेले असलो तरी हा देश एक होईल याविषयी आपल्याला शंका नाही. टाळ्या पडल्या. सभागृहाने ते भाषण कान देऊन ऐकले. ठरावाचे मतदान खरोखरच पुढे गेले आणि तो २२ जानेवारी १९४७ रोजी संमत झाला.

जे म्हणणे जयकरांच्या तोंडून नको वाटले ते बाबासाहेबांच्या तोंडून गोड का लागले? वक्तृत्व श्रेष्ठ होते, हे उघड आहे. पण आणखी एक कारण होते. काँग्रेसजनांनी त्यांच्याकडून कडवट, फुटीची भाषा अपेक्षिली होती. ऐक्याचे शब्द आले आणि त्यांना सुखद धक्का बसला. या धक्क्याचेच आम्हाला वाईट वाटते. १९३० च्या नोव्हेंबरात लंडनच्या गोलमेज परिषदेत, ब्रिटिश पंतप्रधानांसमोर, या देशाला लोकांचे सरकार हवे असे याच वक्त्याने ठणकावून सांगितले होते. सोळा वर्षे ते छापील स्वरूपात पडून होते. श्रोत्यांनी मनात एक आंबेडकर तयार करून ठेवला होता आणि त्यालाच ते ऐकत आले होते.

अशा श्रोत्यांची प्रयोगाने घेतलेली परीक्षाही उपलब्ध आहे. अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठात डोनाल्ड रुबिन यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना एकाच व्याख्यानाची एकच ध्वनिफीत ऐकविली. आवाज अमेरिकेतच वाढलेल्या इंग्रजीभाषकाचा. काहींसमोर गोऱ्या व्यक्तीचे छायाचित्र ठेवले, काहींसमोर आशियाई चेहऱ्याच्या व्यक्तीचे. आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना आवाजात परकी ढब ऐकू आली, जी तेथे नव्हतीच. शिवाय त्यांना व्याख्यान कमी समजले. परदेशातील बैठकांत कॅमेरा सुरू होताच ज्यांना ‘पुन्हा सांगाल का?’ असे ऐकावे लागते, त्या आपल्या वाचकांना या निष्कर्षाचे नवल वाटणार नाही.

ज्या भूमीत आपण राहतो तिलाही हे अनोळखी नाही. क्लाइव्ह होल्स या अभ्यासकाने १९७० च्या दशकापासून बहरीनच्या बोली नोंदविल्या. येथील दोन समाजांच्या अरबीत उच्चारांचे असे भेद आहेत की, एक शब्द कानावर पडताच बोलणारा कोणत्या घरातला, हे स्थानिकांना कळते. कोंबडीला एके ठिकाणी ‘दियाय’ म्हणतात, दुसरीकडे ‘दिजाज’. ‘तीन’ या अंकात एकीकडे ‘थ’सारखा ध्वनी, दुसरीकडे ‘फ’. आपल्याला हा फरक कळतही नाही. आपण बाहेरचे असल्याने आपल्या कानाला तेथे पूर्वग्रहच नाही! शेजारचे वृद्ध अरब गृहस्थ पंख्याला ‘बांका’ म्हणतात, कारण अरबीत ‘प’ नाही. ते मुंबईच्या जुन्या व्यापाराचे देणे आहे. त्यांच्या ‘बांक्या’चे आम्हाला कौतुक वाटते. ‘पानी’चे का वाटले नाही?

येथे एक अवघड गोष्ट टाळता येणार नाही. महाडच्या मार्च १९२७ च्या परिषदेत बाबासाहेबांनीच आपल्या लोकांना राहणी, उच्चार आणि विचार हे तिन्ही सुधारण्यास सांगितले होते. उच्चारसुद्धा. डिसेंबरमध्ये तेथेच त्यांनी स्त्रियांना सांगितले की अस्पृश्यतेची खूण ठरणारी लुगडे नेसण्याची पद्धत आणि दागिने टाकून द्या. तेव्हा ‘पानी’ला हसणारा उद्या म्हणू शकतो की मी बाबासाहेबांचेच सांगणे पुढे नेत आहे. आम्हाला तसे वाटत नाही. पूर्वग्रहाने भरलेले कान लवकर बदलणार नाहीत हे जाणून, त्या कानांना पकडायला खूण मिळू नये म्हणून त्यांनी बोलणाऱ्यांना सावध केले. ते हितगूज घरातल्यांशी होते. आपण चार बुके शिकलो, परदेशी आलो, ‘ण’ कमावला, आणि त्या हितगुजाचे माप करून आपल्याच माणसाला लावू लागलो.

नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ मध्ये आला. त्याची प्रस्तावना लिहिताना विजय तेंडुलकरांनी कित्येक शब्दांचे अर्थ कवीलाच विचारले, आणि विचारले हे लपविले नाही. प्रथितयश नाटककाराला जे जमले ते आम्हाला आमच्या माणसांसमोर जमले नाही.

त्या दिवशीच्या तिसऱ्या वक्त्यांविषयी लिहायचे राहिले. ते मोठ्या पदावर आहेत. सूत्रसंचालकाने त्यांच्या तीन पदव्या वाचून दाखविल्या. भाषण चांगले होते, ‘ण’ खणखणीत होता, आणि त्यात महाडचा सत्याग्रह १९३० साली झाला होता. नाशिकच्या काळाराम मंदिराचे साल महाडला लागले. सभागृहात कोणाच्या कपाळावर आठीही पडली नाही. आम्हालाही घरी आल्यावर आठवले. केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी जे सांगितले त्यात, बोलणारा योग्य दिसतो म्हणून किंवा हा श्रमण आमचा गुरू आहे म्हणून त्याचे म्हणणे स्वीकारू नका, ही दोन्ही कलमे आहेत. हसणे आणि मान डोलावणे ही दोन्ही कामे आमच्या कानांनी एकाच दुपारी केली. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत राजकारणातील भक्तीविषयी बाबासाहेबांनी इशारा दिला होता. त्या भाषणातील उतारे दरवर्षी आपल्याकडे वाचले जातात आणि वाचणाऱ्याचे नाव मोठे असेल तर टाळ्या अधिक पडतात.

दुसऱ्या वक्त्यांच्या भाषणाचे ध्वनिमुद्रण आमच्यापाशी होते. या अंकासाठी ते लिहून काढायचे ठरले. आम्ही संगणकाच्या व्यवसायातले. बोलणे ऐकून मजकूर करणारी प्रणाली वापरली. ‘पानी’ आले की ती यंत्रणा पुढचे दोन-तीन शब्द हिंदी समजून लिही. शेवटी कानाला लावून, थांबवत थांबवत, हाताने लिहिले. तीन वेळा ऐकल्यावर लक्षात आले की नगरपालिकेच्या १९२४ च्या ठरावापासून १९३७ च्या उच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत त्यांनी सर्व तारखा अचूक सांगितल्या होत्या. त्या दिवशी आम्ही त्यातले काहीच ऐकले नव्हते. ‘पानी’ जसेच्या तसे ठेवून मजकूर त्यांना पाठविला. रात्री त्यांचा फोन आला.

“जय भीम, सर. सगळं बराबर हाय. फकस्त ते पानी तेवढं नीट करा. गावाकडं पोरगी वाचनार हाय.”

आम्ही त्यांना जौगडच्या खडकाविषयी सांगितले. ‘प्राण’ आणि ‘पान’, ‘राजा’ आणि ‘लाजा’, सगळे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि हसले.

“सम्राट अशोकाचं चाललं, सर. त्येला कोन हसनार व्हतं?”

या लेखात, नाव न घालण्याच्या अटीवर, त्यांचे बोलणे आहे तसे लिहिण्याची त्यांनी मुभा दिली. त्यांचे भाषण याच अंकात पुढे आहे. त्यात सर्वत्र ‘पाणी’ छापले आहे.